वाघबारस पाडव्याला

आश्विन सरत आला की शेजारच्या घरी आंबेमोहोर शिजतो आणि त्याचा वास भिंत ओलांडून माझ्या ओसरीवर येतो. इतरांना त्या वासाने भूक लागते. मला राग येतो. वाघाच्या मुताला थेट तसाच वास असतो. पुण्यात हे फारसे कोणाला ठाऊक नाही. सांगितले तर म्हातारा चळला असे म्हणतील, म्हणून सांगत नाही.

आज वसुबारस. सकाळपासून पेठेत गाईवासरांचे पाय धुणे चालले आहे. दिवस म्हटले तर फार चांगले आहेत. पहाटे परसातल्या गवतावर दव असते, दुपारी ऊन टोचते, मुठेचे पाणी निवळून तळचे गोटे दिसू लागले आहेत. दारोदार शेणसडा, झेंडू, उटण्याची तयारी. आमच्या सूनबाईंनी वासराच्या कपाळाला कुंकू लावले, त्याने मान झटकली, ते तिच्या पदराला लागले, आणि सगळे घर हसले. मीही हसलो. याच तिथीला घाटमाथ्यावरचे महादेव कोळी वाघाला हात जोडतात. त्यांची ती वाघबारस. कारण एकच: गुरे जगावीत. आपण गाईकडे मागतो, ते वाघाकडे मागतात. मागणे कोणाचे अधिक शहाणपणाचे, हे ज्याच्या गोठ्यामागे रान आहे त्याने ठरवावे.

काल एक तरुण गृहस्थ आले होते. बोलण्यात अदब, अंगावर नवा अंगरखा. एका वाड्यात पाडव्याच्या संध्याकाळी वाघाचा खेळ करायचा घाट आहे. अलीकडे तशी रीतच पडली आहे. पेठेतली मंडळी अंगाला पिवळा रंग फासतात, काळे पट्टे ओढतात, ढोलकीवर उड्या मारतात. ते म्हणाले, "पहिला खेळ आपण पाहिला होता म्हणे. अस्सल कसा होता, तेवढे सांगितले तर आमचाही तसा बसवू."

मी म्हणालो, "अहो, तो खेळ नव्हता."

"मग काय होते?"

मी पाणी विचारले, सुपारी दिली, वाटेला लावले. रात्रभर मात्र ते डोक्यात घोळत राहिले, आणि आज सकाळी पाहतो तो शेजारी भात शिजतो आहे.

तेव्हा मी एका सरदारांच्या दफ्तरात अखबार लिहीत असे. शहरात दिवसभरात काय घडले, कोण आले, कोण गेले, कोठे आग लागली, कोणाच्या घरी कार्य निघाले, याचा तो कागद. रोज सकाळी तो सरदारांना वाचून दाखवायचा. आमचे दफ्तरदार तात्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितले होते, "पाहिले ते लिहायचे. वाटले ते घरी न्यायचे." मी ते पाळले. माझ्या कागदात कधी हाय नसे, अरेरे नसे. लोक त्याची वाखाणणी करीत. मलाही त्याचा अभिमान होता. तो कोठे गेला ते पुढे येईलच.

त्या वर्षी दसरा झाल्यावर सरदारांच्या नदीपलीकडच्या बागेत वाघ आला. ऐनाच्या लाकडी सोटांचा पिंजरा, वर टाकलेली कांबळी, आणि खाली सोळा माणसांचे खांदे. घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंत तो असाच खांद्यांवर आला होता. खांदे वेठीचे होते. पकडण्याचा हुकूम किल्ल्याच्या हवालदाराने त्यांच्या वाडीला दिला होता, कारण वाघ कोणत्या वाटेने पाण्यावर जातो हे वाडीला माहीत असते, हवालदाराला नसते. खड्डा त्यांनीच खणला, पिंजरा त्यांनीच बांधला, आणि ओझेही त्यांनीच आणले. बागेत ओझे उतरल्यावर बारा जण त्याच पावली परत गेले. चार राहिले, आणि सोबत आलेली एक बाई, असे पाच.

का राहिले हे बागेच्या कारकुनाने, आबाजीने, विचारलेच नाही. "भाकरी दिसली की बसतात," असे तो मला म्हणाला. भाकरी त्यांची स्वतःची होती. नागलीचे पीठ ठकू नावाच्या बाईने डोक्यावर गाठोडे बांधून आणले होते.

मी बातमीसाठी गेलो तेव्हा ती बागेच्या भिंतीबाहेर तीन दगडांवर भाकऱ्या थापीत होती. शेजारी तिचा थोरला भाऊ कोंडू. साठीचा, अंगाने काटक, उजव्या खांद्यावर पिंजऱ्याच्या दांडीने सोललेला पट्टा. भिंतीवरून भाताचा दरवळ आला. मी सहज म्हणालो, "सरदारांचा मुदपाकखाना इकडे नाही. मग आंबेमोहोर कोण शिजवतंय?"

ठकू हसली ती हसतच राहिली. "ऐकलं का दादा? यांना भूक लागली. म्हाराज, त्यो भात न्हाई. देव मुतला."

कोंडूने तिला डोळ्यांनी दटावले, पण तोही हसत होता. मग त्याने मला बसायला कांबळे टाकले आणि राहण्याचे कारण सांगितले. इतक्या वर्षांत शब्द पुसट व्हायला हवे होते. झाले नाहीत.

"बारशीला आमी शिवेवर जातो. तितं वाघोबाचा पाषाण हाय. आमच्यातला एक जण वाघ हुतो. त्याला इचारायचं, आमच्या शिवेत येशील का? तीन वेळा. त्यो म्हणतो, न्हाई येणार. मंग त्यो आमाला इचारतो, माज्या जाळीत याल का? आमी म्हणतो, न्हाई येणार. झालं. निवदाचं बोनं दाखवायचं आन् गुरं रानात सोडायची. वरीसभर त्यो त्याच्या जागी, आमी आमच्या."

"आणि यंदा?"

"यंदा आमीच त्याच्या जाळीत जाऊन खड्डा खणला." त्याने खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलेही नाही. "बोल मोडला तो आमी मोडला. आता पाषाणाला काय इचारू? पाषाणातला हितं पिंजऱ्यात बसलाय. म्हून बारशीला सकाळी त्याच्यापुढं उभं राहायचं. झालं ते सांगायचं. नवा बोल मागायचा. त्यानं दिला तर घरला जायचं."

"नाही दिला तर?"

उत्तर ठकूने दिले. "वाडीतली गुरं दावणीला हायेत, म्हाराज. शिवेच्या आतलं गवत बायका कापून घालत्यात. ते बारशीपतुर पुरंल. बोलाबिगर कुनी रानात पाय टाकनार न्हाई. मंग वाडीच उठवायची, दुसरं काय? दुसऱ्या वाघाची शीव हुडकायची."

हे ऐकताना माझ्या चेहऱ्यावर काय होते ते मला सांगता येणार नाही. थोडे हसू असावे. पुण्याचा माणूस दुसऱ्याच्या देवाला हसतो आणि स्वतःच्या देवासाठी घटिकापात्र लावून बसतो. पण मी सगळे नीट विचारून घेतले. वाघ होणारा कोण? कोंडूचा चुलतभाऊ बुधा. अंगाला काय लावतात? हळद आणि काजळी. नाचतात का? हो, शेवटी नाचतात. बातमी पुरी झाली असे मला वाटले.

त्या दिवशीच्या अखबारात मी लिहिले: बागेत डोंगरची पाच माणसे राहिली आहेत. बारशीस वाघापुढे वाघाचे सोंग आणून नाचणार. पाहण्याजोगे.

तिन्ही वाक्ये खरी होती. एकाही शब्दावर कोणाला बोट ठेवता आले नसते. वाडीची गुरे दावणीला आहेत, हे चौथे वाक्य मी लिहिले नाही. कागदावर जागा नव्हती, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. कागद अर्धा कोरा होता. गवताची आणि गुरांची बातमी सरदारांना कंटाळवाणी झाली असती आणि त्यांनी मान हलवून पुढे वाच म्हटले असते. मला त्यांनी थांबून ऐकायला हवे होते. त्यांनी थांबून ऐकले.

दुसऱ्या दिवशी हुकूम झाला. बारशीस कोणी येत नाही, सबब पाडव्याच्या संध्याकाळी पाहुण्यांसमोर करावे. तोवर वाघापुढे कोणास जाऊ देऊ नये, नवलाई जाईल. डोंगरच्या माणसांस तोवर घरी परतू देऊ नये.

मी तात्यांकडे गेलो. म्हणालो, त्यांचे कार्य त्याच तिथीला असते. तात्यांनी मान वर केली नाही. "हे तुझ्या कागदात होते का?"

"नव्हते."

"मग ते घडले नाही. तू लिहिलेस, आता तूच जाऊन त्यांना सांग."

सांगायला मी बारशीच्या सकाळीच गेलो. आदल्या दिवशी गेलो नाही, कारण दफ्तरात काम होते. असे काम रोजच असते. ते पाच जण बागेच्या दाराशी आले होते. अंघोळी झालेल्या. ठकूच्या हातात नव्या मडक्यात वरईचे बोने, वर पान. बुधाजवळ हळदीची पुडी आणि काजळीची वाटी. दार बंद. दारात आबाजी.

"काय रे कोंड्या," आबाजी म्हणत होता, "तुझ्या देवाला चार दिवस दम निघत नाही? पुण्यात भले भले थांबतात. वाघ कुठे पळून जात नाही, मी बघतो आहे ना."

कोंडू हात जोडून म्हणाला, "म्हाराज, बारस आज हाय."

"पाडव्याला कर. तेच नाचायचे आणि तेच ओरडायचे. वर पाहुण्यांसमोर. तुझ्या बापजाद्यांना मिळाला होता का हा मान?"

तेव्हा ठकू पुढे आली. "बामणा, तुज्या लेकीच्या लगनाची घडी आज भरली, तर अक्षता चार दिसांनी टाकशील का?"

"ती घटका शास्त्राने काढलेली असते, बाई."

"आन् आमची बारस माकडानं काढली व्हय? तुज्याच पंचांगात आज बारस हाय ना? का तुज्या पंचांगात आज पाडवा हाय?"

दोघे पहारेकरी हसले. आबाजीला ते लागले. त्याने अडसर पुन्हा एकदा हलवून पाहिला, तो आहे तेथे आहे ना याची खातरी केली, आणि आत निघून गेला.

मी म्हणालो, "मी पुन्हा लिहीन."

कोंडू माझ्याकडे शांतपणे पाहत म्हणाला, "लिवा. पर आज लिवून आज दार उघडंल का?"

या माणसाच्या भावकीतली माणसे किल्ल्याच्या मेटावर, त्या उतारावरच्या चौकीवर, पिढ्यान्‌पिढ्या पहारा देतात. अर्ध्या मावळाची झोप त्यांच्या जागरणावर चालते. दारूगोळ्याच्या कोठाराची वाट त्यांच्या घरावरून जाते. तेथे ती विश्वासाची. बागेच्या दारात उभी राहिली की तीच चोर, तीच अडाणी, तीच भाकरीला लोचट. डोंगराचा मध आपल्याला चालतो, साग चालतो, हरणाचे कातडे पूजेला चालते. आणणाऱ्याने मात्र ओझे टाकून तोंड न उघडता परत जावे. आणि तोंड उघडलेच तर ते गाण्यासाठी उघडावे, म्हणजे आपल्याला टाळ्या वाजवता येतील. हे मी तेव्हा लिहिले नाही. आता लिहितो आहे, आणि आता ते वाचून दाखवायला कोणी नाही.

ते पाच जण भिंतीला वळसा घालून पिंजऱ्याच्या बाजूला आले. मधे पुरुषभर उंचीची दगडी भिंत. पलीकडे वीस पावलांवर वाघ. ठकूने जमीन सारवून बोने ठेवले. कोंडू बुधाला म्हणाला, "लाव अंगाला."

बुधाने हळदीची पुडी उघडली आणि पुन्हा मिटली. "न्हाई जमायचं दादा. पाषाणापुढं मी वाघ हुतो. हितं त्यो सवता हाय. त्याचा आवाज मी कुठनं आनू?"

कोंडू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याने भिंतीला सांगितले. खड्डा कोणी खणला, कोणत्या दिवशी, दोर कोणी वळला, खांदे कोणकोणाचे. एकाचेही नाव गाळले नाही. स्वतःचे पहिले घेतले. हवालदाराच्या हुकमाचा उल्लेख त्याने केला नाही. मला वाटले तो विसरला. पुढे कळले, वाघापुढे दुसऱ्याकडे बोट दाखवायचे नसते. मग त्याने तीनदा विचारले, आमच्या शिवेत येशील का?

हे सांगणारे लोक या ठिकाणी वाघाला डरकाळी फोडायला लावतात. मी तेथे होतो. डरकाळी झाली नाही. पलीकडून लाकडावर अंग घासल्याचा आवाज आला, आणि तो आंबेमोहोराचा वास. उत्तर आले नाही. ते येण्याची सोय आपण भिंत घालून बंद केली होती. ठकूने बोने उचलले नाही, मुंग्यांना ठेवले.

त्याच दुपारी पाचही जणांना बागेच्या पागेत नेऊन बसवले. दाराशी पहारेकरी. कैद म्हणायचे नाही, असे आबाजीने मला बजावले. पाहुणचार लिही म्हणाला. मी काहीच लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी मी चार वाक्यांचा नवा कागद तात्यांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि आपल्या उशीखाली ठेवला. "सणाच्या दिवसांत हे कशाला," म्हणाले. त्यांचा स्वर वाईट नव्हता. मला राग येतो तो त्या स्वराचाच.

मधले दिवस दिवाळीचे. त्यांची मला आठवण आहे आणि नसती तर बरे झाले असते. अभ्यंगाचे गरम पाणी, तिळाच्या तेलाचा वास, कोनाड्यातल्या पणत्या, करंज्यांचे ताट. नदीपलीकडे पागेत पाच माणसे घोड्यांच्या शेजारी बसून होती. आणि घाटमाथ्यावर कोठेतरी बायका शिवेच्या आतले शेवटचे गवत मुळापासून ओरबाडत होत्या, दावणीची गुरे हंबरत होती, आणि वाटेकडे पाहणारे सगळे पाच माणसांची वाट पाहत होते. मी करंजी खाल्ली. चांगली झाली होती.

पाडव्याला बाग माणसांनी भरली. बैठका, लोड, अत्तरगुलाब, चिकाच्या पडद्यामागे बायका. उन्हे कलली होती, झाडांतून पिवळा प्रकाश येत होता, त्यामुळे पिंजऱ्याची कांबळी काढल्यावर वाघ क्षणभर दिसलाच नाही. मग दिसला. बराच बारीक झाला होता. बुधाला चितारी लोकांनी धरून रंगवले होते. हळद-काजळी त्यांना फिकी वाटली, म्हणून हरताळाचा पिवळा रंग आणि काळी शाई, आणि गालावर पागोट्याच्या झिरमिळ्यांच्या मिशा. बुधा उभा होता. हात कोठे ठेवावे हे त्याला कळत नव्हते. पाहुण्यांना तेवढ्यानेच हसू येत होते.

आबाजीने पुढे येऊन माहिती दिली. हे रानटी लोक वाघाशी बोलतात, आमच्या शिवेत येशील का असे विचारतात, आणि वाघ त्यांना उत्तर देतो. हे त्याने माझ्याकडूनच ऐकले होते. मग तो कोंडूकडे वळला. "हं, विचार रे."

कोंडू पिंजऱ्यापुढे गेला. आता मधे भिंत नव्हती, हाताच्या अंतरावर वाघ होता. तो वाघाला काही बोलला नाही. बारस होऊन गेली होती. त्याने वाघाला हात जोडले, त्याच्याकडे पाठ केली आणि बैठकीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याने बाग भरून जाईल अशा आवाजात विचारले, "आमच्या शिवेत याल का?"

क्षणभर कोणाला कळले नाही. मग एक जाडसे गृहस्थ लोडावरून ओरडले, "येऊ की!" हशा पिकला.

"आमच्या शिवेत याल का?"

"येऊ! जेवायला काय घालशील?" पडद्यामागून बांगड्या वाजल्या. आबाजी हसून हात वर करीत होता, सगळ्यांनी मिळून म्हणा, असे खुणावीत होता.

मला उत्तर माहीत होते. त्या बागेत ते माहीत असणारा त्यांच्याखेरीज मी एकटा होतो. कोंडूचे डोळे बैठकीवरून फिरत माझ्यापर्यंत आले आणि थांबले. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. तो मोठ्याने म्हटला असता तर काय झाले असते? नोकरी गेली असती, किंवा तीही गेली नसती, लोकांनी तो विनोद समजला असता. माझ्या हातात बोरू होता. मी पाहत होतो आणि ध्यानात ठेवीत होतो, शिकवले होते तसे.

"आमच्या शिवेत याल का?"

"येऊ!" सबंध बाग एका सुरात म्हणाली.

"बरं," कोंडू म्हणाला. त्याने सगळ्यांना हात जोडले. ठकूने पदर भिजवून बुधाचे तोंड पुसायला घेतले. रंग निघत नव्हता. तसेच ते पाच जण माणसांमधून वाट काढीत बाहेर गेले. त्यांना कोणी अडवले नाही, कारण खेळ संपला होता. टाळ्या बराच वेळ चालल्या.

पौषात माझ्यापुढे नकलेसाठी एक कागद आला. घाटमाथ्यावरच्या त्या वाडीचा होता. वाडी बेचिराग, एकाही घरात दिवा नाही. गवत उत्तम, पाणी बारमाही. सरदारांच्या घोड्यांसाठी कुरण नेमून द्यावे. वाडीचे लोक कोठे गेले याविषयी एकच ओळ होती: सदरहू लोक स्वखुशीने उठून गेले.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग बोरू दौतीत बुडवला आणि आहे तशी उतरवली. स्वखुशीने. एकही अक्षर खाली-वर झाले नाही. तात्यांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, विसाजी, अक्षर छान उतरले आहे.